बाहेरचा काटा

...आणि वर डॉक्टरताई मलाच विचारते, "मावशी, पेशंट का कमी झाले असतील हो?" आता मी काय सांगणार, कप्पाळ! मी दारातली बाई. नंबर द्यायचा, केसपेपर शोधायचा, "पुढचे या" म्हणून ओरडायचं आणि कुणी खोकायला लागलं की पंखा बारीक करायचा. चोवीस वर्षं हेच करतेय. तर आता म्हणे लोकांकडून कागद भरून घ्या! छापील कागद! वर काय लिहिलंय, तर "आपण डॉक्टरांकडे किती वेळा येता व ते कशावर अवलंबून असते?" आणि खाली चौकोन. पटेल त्या चौकोनात खूण करायची. अहो, ज्या माणसाला नुसतं जीभ बाहेर काढा म्हटलं तर आधी सगळीकडे बघून घेतो, तो चौकोनात खरं लिहिणार आहे? तुम्हाला सांगते, झाडून सगळ्यांनी एकाच चौकोनात खूण केली. "वेळ मिळत नाही." वेळ मिळत नाही! जो माणूस आमच्या बाकावर तीन-तीन तास बसायचा, नंबर आला तरी "तुम्ही जा हो आधी, मला कुठे घाई आहे" म्हणायचा, त्याला आता वेळ मिळत नाही!

आता मला सांगा, माणूस डॉक्टरकडे कधी जातो? दुखतं तेव्हा? छे! नाव सोडा. दुखतं तेव्हा तो घरी बसून सगळ्यांवर खेकसतो. बायको म्हणते डॉक्टरांकडे जा, हा म्हणतो होईल बरं. बायको परत म्हणते, हा म्हणतो डोकं खाऊ नकोस. असं करता करता एक दिवस ती बोलायचीच बंद होते... आणि तेव्हा याला खरी भीती वाटते. मग येतो आपला, चपला बाहेर काढून, आणि मला हळूच विचारतो, "मावशी, गर्दी आहे का? असेल तर उद्या येतो." गर्दी असली तर सुटला बिचारा, नसली तर तोंड एवढंसं!

थांबा, पण तुम्हाला आधी कोण कुठलं ते सांगायला हवं. तर आमचे मोठे डॉक्टर. दवाखाना खाली, घर वर. आता गुडघ्यांनी दगा दिला, जिना उतरवत नाही, म्हणून वरच असतात, खिडकीत खुर्ची टाकून, रस्त्यावरून कोण लंगडत गेलं ते बघत. आणि खाली बसते त्यांची लेक. डॉक्टरताई. एवढीशी असल्यापासून बघतेय मी हिला, माझ्या टेबलाखाली बसून बाहुलीला इंजेक्शनं द्यायची. हुशार हो! हाताला गुण आहे. पण आठ महिन्यांपूर्वी खुर्चीत बसली आणि बघता बघता आमचा बाक रिकामा. सकाळी तीन, संध्याकाळी दोन. त्यातला एक पत्ता विचारायला आलेला! परवा ती मला म्हणाली, "मावशी, या महिनाअखेरपर्यंत बघते. नाहीतर दवाखाना बंद करते आणि त्या मोठ्या हॉस्पिटलात रुजू होते. ते बोलावतायत." एवढं बोलली आणि आत गेली. मी तिथेच उभी, टेबल धरून. म्हणजे टेबल मी तसंही धरते, हल्ली उभं राहिलं की जरा गरगरतं, पण ते काही नाही हो, टेबल धरलं की थांबतं.

दवाखाना बंद! अहो, या दारात बसून मी माझी मुलं शिकवली. मला घरची घंटा ऐकू येत नाही, पण आतल्या खोलीतली खुर्ची सरकली की झोपेतही "पुढचे या" म्हणते, विचारा आमच्या ह्यांना! आणि मोठे डॉक्टर? ते वर खिडकीत बसणार आणि खाली कुलूप बघणार? नाही, मला ते सहनच होत नव्हतं.

तर मी विचार करायला लागले की बाई, ताईने बदललं काय काय? एक, भिंतींना रंग दिला. बरं. दोन, फोनवरून वेळ घ्यायची पद्धत आणली. म्हणजे सव्वादहा म्हणजे सव्वादहा. अहो, आमच्या लोकांना सव्वादहाला काय होणार आहे ते काल कसं कळणार? पण तेही शिकले हळूहळू. तीन, सगळे जुने केसपेपर कॉम्प्युटरात चढवले. दोन महिने ती वाचायची आणि टकटक करायची. मला विचारते, "मावशी, बाबांनी प्रत्येक वजनाच्या कोपऱ्यात हे बारीक अधिकचं चिन्ह आणि चार काय लिहिलंय?" मी म्हटलं, असेल काहीतरी डॉक्टरी. मला काय कळतंय? मी आपली कागदांवरची धूळ झटकत होते. आणि चार... चार म्हणजे तिने जुना वजनकाटा काढून टाकला.

हां. इथे जरा थांबते मी. पाणी पिते.

आता मला सांगा, माणूस डॉक्टरकडे कधी जातो? आजारी पडल्यावर? मुळीच नाही! आजारी पडल्यावर जाणारे शंभरात वीस. बाकीचे येतात ते, आपल्याला काही झालेलं नाही, हे कुणीतरी शिकलेल्या माणसाने तोंडाने सांगावं म्हणून. आमचे ड्रायव्हरकाका घ्या. बस चालवायचे, रिटायर झाले. दर गुरुवारी दहाला हजर. काय होतंय? काही नाही. मग कशाला आलात? "आलोय तर बघून घेतो." आल्या आल्या काय करायचे, तर चपला काढायच्या, खिशातली किल्ली, चष्मा, सुटे पैसे सगळं माझ्या टेबलावर ठेवायचं आणि दारापाशी आमचा तो लोखंडी वजनकाटा होता ना, गोल तोंडाचा, त्यावर उभं राहायचं. श्वास रोखून! मग आख्ख्या बाकाला ऐकू जाईल असं ओरडायचं, "त्र्याहत्तर! बसवर चढलो तेव्हा त्र्याहत्तर, उतरलो तेव्हा त्र्याहत्तर!" मग छाती पुढे काढून आत जायचे. आत डॉक्टर त्यांना गप्पा मारता मारता तपासायचे. डोळ्याची पापणी खाली ओढून बघायचे, नाडी बघायचे, पाय दाखवा म्हणायचे. काकांना वाटायचं गप्पा चालल्यात.

आणि शाळेतल्या बाई! त्या शनिवारी. पर्स माझ्याकडे, बांगड्या माझ्याकडे, एकदा तर केसातला चाप काढून दिला. काट्यावर चढायच्या, खाली बघायच्या आणि असं काही हसायच्या, की जणू पहिला नंबर आलाय. अहो, लोक घरात वजनकाटे असूनसुद्धा आमच्याकडे येऊन वजन करायचे. का? तर म्हणे, "दवाखान्यातला काटा तो दवाखान्यातला. घरचे काटे खोटे असतात."

खोटे असतात म्हणे! आता तुम्हाला सांगते... पण कुणाला बोलू नका हं. म्हणजे आता सगळ्यांना ठाऊक झालंय, तरीपण. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नवीनच होते मी, धड दोन वर्षं झाली नव्हती. सकाळी फरशी पुसताना भरलेली बादली माझ्या हातातून निसटली आणि धाडकन त्या काट्यावर! वजनकाटा ओरडला नाही, मीच ओरडले. बघते तर त्याचा तो हात, ती सुई, शून्यावर असायची ती चार घरं मागे जाऊन बसलेली. मी ठोकून बघितलं, हलवून बघितलं, हात जोडून बघितलं. हलेचना! नोकरी नवी, डॉक्टर त्या वेळी तिखट. मी काय करावं? ड्रेसिंगची चिकटपट्टी घेतली आणि जिथे सुई विसावते तिथे काचेवर लावून टाकली! डॉक्टर आले, म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, काच तडकलीय, कुणाला लागायला नको. त्यांनी पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "बरं" म्हणाले आणि आत गेले. बावीस वर्षं! बावीस वर्षं ती चिकटपट्टी मी बदलत आले, हो, मळायची ना. लहान बाळांचा काटा आत वेगळा, तो चोख, देवाशपथ. पण मोठ्या माणसांना मी बावीस वर्षं चार-चार किलोंनी हलकं ठेवलं.

आणि ताईने आणला तो नवा काटा! काचेचा, चपटा, दिव्याचा. चढलं की लाल आकडे. आणि नुसते आकडे नाही, टिंबासकट! वर परत टूं करून ओरडतो, म्हणजे ज्याचं लक्ष नसेल तोही बघणार. मला काय तेव्हा वाटलं असेल? मी देवाचे आभार मानले! म्हटलं सुटले बाई, माझं पाप जिन्याखाली पोत्यात बांधून गेलं, आता कुणाला काही कळायचं नाही. मला काय ठाऊक, की पोत्यात बांधून दवाखानाच चाललाय!

बरं, हे तरी मला लगेच कुठे कळलं? महिनाअखेर आली बारा दिवसांवर, तेव्हा मी पदर खोचला. म्हटलं चौकोन गेले खड्ड्यात, मी तोंडाने विचारते. बाजारात शाळेतल्या बाई दिसल्या. मला बघितलं आणि कांद्याच्या पोत्यामागे बसल्या! रिटायरमेंटला आलेली बाई, पोत्यामागे! मी म्हटलं, "बाई, उठा. मी काही वर्गशिक्षिका नाही." तेव्हा म्हणाल्या, "मावशी, येणार आहे हो मी. आधी चार किलो उतरवते, मग येते. अशी कशी येऊ डॉक्टरांसमोर? काय म्हणतील?" मी म्हटलं, अहो पण तुमच्या त्या दम्याच्या गोळ्या? त्या संपून महिना झाला असेल! तर म्हणतात कशा, "त्याही चार किलो उतरल्यावरच." आता बोला! दम लागतोय म्हणून चालवत नाही, चालत नाही म्हणून वजन उतरत नाही, वजन उतरत नाही म्हणून डॉक्टर नाही. आणि अशा किती निघाल्या माहितीये? बेकरीवाला तेच. इस्त्रीवाली तेच. आख्खी गल्ली चार किलो उतरवत बसलेली, आणि दवाखान्यात मी आणि ताई एकमेकींची तोंडं बघतोय!

आता मला सांगा, माणूस डॉक्टरकडे कधी जातो? बरं व्हायला? कुठलं! आधी बरा होतो, मग दाखवायला जातो!

इथवर मी हसत होते हो. मग गेले ड्रायव्हरकाकांकडे. तर काकू दारातच म्हणाल्या, "समजवा यांना. चार महिने झाले, जेवणात लक्ष नाही. बाहेर पडत नाहीत. पायाला काहीतरी झालंय, दाखवत नाहीत." काका कॉटवर, भिंतीकडे तोंड करून. मी म्हटलं, काका, गुरुवारी का येत नाही? पांघरूण वर ओढलं. मी म्हटलं, ताईचा राग आलाय का? मग एकदम वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशी, बुधवारपर्यंत मी त्र्याहत्तर होतो. गुरुवारी तुमच्या नव्या काट्यावर सत्त्याहत्तर. टिंब चार. वीस वर्षं एक किलो हललं नाही, आणि सात दिवसांत चार? जेवण तेच, मी तोच. मग वाढलं काय? आत काहीतरी वाढतंय, मावशी. गाठबिठ असणार. आता डॉक्टरकडे गेलो की ते बाहेर काढणार. त्यापेक्षा नको ना. कळलं नाही तोवर नाही."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे खरंच सरकली, मी कॉटचा दांडा धरला. हा माणूस चार महिने मरणाची वाट बघत भिंतीकडे तोंड करून पडलाय, आणि ते कशामुळे? माझ्या बादलीमुळे! मला रडूच फुटलं. मी म्हटलं, काका, तो काटा चुकीचा होता हो! तर कॉटवर उठून बसले. "तरीच! मी सांगतच होतो, नवीन वस्तूंवर विश्वास नाही!" मी म्हटलं, नवा नाही, जुना. जुना चार किलो कमी दाखवायचा. माझ्या हातून पडली होती बादली. काका माझ्याकडे बघतच राहिले आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही चांगल्या आहात. मला धीर द्यायला स्वतःवर आळ घेताय." आणि परत भिंतीकडे वळले! आता याला काय म्हणाल? बावीस वर्षं खोटं बोलले, कुणाला शंका आली नाही. एकदा खरं बोलले, कुणी विश्वास ठेवेना!

मग मात्र मी ठरवलं. तडक दवाखान्यात आले, ताईसमोर उभी राहिले आणि सगळं ओकले. बादली, सुई, चिकटपट्टी, सगळं. ताईने आधी माझ्याकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे. मग एकदम उठली, कपाटातून चार-पाच जुने केसपेपर ओढले, म्हणाली, "चला वर." मी म्हटलं, संपलं! वर नेऊन हिशेब करणार माझा. जिन्याला आमच्या सतरा पायऱ्या, त्या दिवशी सत्तर वाटल्या, आणि मधेच कठडा धरून थांबावं लागलं.

मोठे डॉक्टर खिडकीतच होते. ताईने कागद पुढे टाकले आणि बोट ठेवलं. "बाबा, हे अधिक चार. हे काय आहे?" डॉक्टरांनी चष्मा लावला, कागद बघितला, मग मला बघितलं, आणि काय सांगू, तोंडात मारल्यासारखी मी उभी आणि ते गालातल्या गालात हसतायत! म्हणतात, "बादली कुठली होती? निळी का?"

त्यांना ठाऊक होतं! पहिल्या दिवसापासून! पट्टी उचलून बघितली होती म्हणे त्याच दुपारी, मी डबा खायला गेले तेव्हा. बावीस वर्षं काट्यावर जो आकडा येईल तो कागदावर लिहायचा आणि शेजारी बारीक अक्षरात अधिक चार. औषध बरोबर वजनाचं. आणि मी मूर्ख दर महिन्याला चोरून चिकटपट्टी बदलतेय!

ताई चिडली. "बाबा, दुरुस्त का नाही केला? लोकांना खोटं सांगत होता तुम्ही!" डॉक्टर म्हणाले, "करणारच होतो. सोमवारी माणूस बोलावला होता. पण रविवारी... नाही, त्याच आठवड्यात बघितलं तर बाकावर बसायला जागा नाही. सगळे वजन करून हसत हसत आत येतायत. आत आलेला माणूस मला तपासता येतो गं. त्याला वाटतं वजन बघायला आलोय, मी त्याचा रक्तदाब बघतो. पण न आलेल्याला मी कसा तपासू? तो कितीही खऱ्या वजनाचा असला तरी?" मग चष्मा काढला आणि म्हणाले, "तुला सांगायला हवं होतं मी. ते मात्र चुकलं माझं."

ताईने कागद गोळा केले. मग म्हणाली, "मी खोटा काटा ठेवणार नाही." मी म्हटलं, नकोच ठेवू बाई. तर म्हणाली, "ठेवणार. पण सांगून." माझं डोकंच चालेना!

तर दुसऱ्या दिवशी पोतं सोडलं. काटा बाहेर, दारापाशी, जुन्या जागी. चिकटपट्टी काढून टाकली. नवा काटा आत, तोंड ताईकडे, आणि त्याचा तो टूं बंद करून टाकला. आणि बाहेरच्या काट्यावर भिंतीला पाटी. ताई म्हणाली, "मावशी, तुम्ही लिहा, प्रायश्चित्त म्हणून." मी लिहिली. मोठ्या अक्षरात. "हा काटा चार किलो कमी दाखवतो." खाली रेघ मारली, दोन वेळा.

मग ताई स्वतः गेली काकांकडे. त्यांना दंडाला धरून घेऊन आली, काकू मागून. काका दारात थांबले. काटा बघितला. पाटी बघितली, अगदी मोठ्याने वाचली. चष्मा माझ्या टेबलावर, किल्ली टेबलावर, सुटे टेबलावर. चढले. श्वास रोखला. आणि ओरडले, "त्र्याहत्तर!" अहो, काकू रडायला लागल्या. मी म्हटलं, काका, पाटी वाचलीत ना? म्हणजे सत्त्याहत्तर. नव्यावरही सत्त्याहत्तर होते. म्हणजे वाढलं काही नाही, कळतंय का? काका म्हणाले, "कळतंय. त्र्याहत्तर."

गेले आत. ताईने गप्पा मारता मारता म्हटलं, पाय दाखवा. अंगठ्याला जखम, महिनाभराची, दुखत नव्हती म्हणून मनावरच घेतली नव्हती त्यांनी. रक्तात साखर ही एवढी! गाठबिठ काही नाही. ताई मला नंतर म्हणाली, "अजून पंधरा दिवस आले नसते, तर अंगठा ठेवता आला नसता."  आता रोज येतात ड्रेसिंगला. रोज त्र्याहत्तर!

आणि मग काय विचारता! बेकरीवाला आला. इस्त्रीवाली आली. शाळेतल्या बाई आल्या, पाटी वाचली, शुद्धलेखन बरोबर आहे म्हणाल्या, चाप काढून माझ्या हातात दिला आणि चढल्या. खाली उतरून मला म्हणतात, "ती सूचना जाड लोकांसाठी असेल ना?" सगळे पाटी वाचतात हो! एकसुद्धा माणूस चार मिळवत नाही. महिनाअखेर आली आणि ताईला त्याची आठवणसुद्धा नव्हती, कारण बाकावर जागा नव्हती आणि मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. त्या हॉस्पिटलला तिने काय कळवलं ठाऊक नाही, पण रात्रीची सोय म्हणून दाराला नवीन कडी लावून घेतली. बंद करायचं असतं तर कुणी कडी बदलतं का?

इथे खरं म्हणजे संपायला हवं होतं. पण परवा शेवटचा पेशंट गेला आणि आतून आवाज आला, "पुढचे या." मी म्हटलं, कुणी नाही. तर म्हणते, "आहे. तुम्ही या."

आता मला सांगा, माणूस डॉक्टरकडे कधी जातो? मी म्हटलं, आज नको, फरशी पुसायचीय. म्हणाली, मी पुसते. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. म्हणाली, बघा मावशी, कोण बोलतंय. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, मला काय धाड भरलीय! तेव्हा तिने कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणातून एक केसपेपर काढला आणि माझ्या हातात दिला. पिवळा पडलेला. वर लिहिलेलं "मावशी." मोठ्या डॉक्टरांचं अक्षर.

चोवीस वर्षं सहा फुटांवर बसले मी त्या दाराच्या, आणि एकदा आत पेशंट म्हणून गेले नाही. आणि तो माणूस दर वर्षी एक ओळ लिहीत होता. "बोलावलं. पुढच्या आठवड्यात येते म्हणाली." खाली, "बोलावलं. मला काय धाड भरलीय म्हणाली." खाली, "काटा हिने बिघडवला. सांगत नाही, म्हणून विचारत नाही." त्याच्या खूप खाली, "जिन्यात कठडा धरून उभी होती. विचारलं. जिनाच हलतो म्हणाली." आणि शेवटची ओळ, खाली उतरणं बंद झालं त्या महिन्यातली, अक्षर थरथरलेलं. "रक्तदाब बघायला हवा. येत नाही. लेकीला सांगणे."

मी तो कागद धरून तिथेच बसले, बाकावर. पेशंटच्या बाकावर! चोवीस वर्षांत पहिल्यांदा. बाक टोचतो हो, कुणी बोललं का नाही कधी? डोळ्यांत पाणी आलं ते पदराने पुसलं आणि गेले आत, मुकाट्याने. ताईने हाताला पट्टा बांधला, फुग्यासारखा फुगवला, बघितलं, परत बघितलं, आणि मला जे काही बोलली आहे ना, लहानपणी बाहुलीला इंजेक्शन देताना बोलायची तसं. रोज एक गोळी, मीठ कमी, आणि दर गुरुवारी दाखवायला यायचं. कुठे यायचं? तिथेच असते ना मी! तर म्हणे, नंबर लावून यायचं.

मग म्हणाली, "वजन." चढले त्या चपट्या काट्यावर. टूं बंद केलाय, तरी मला ऐकू आला. एकाहत्तर. टिंब दोन. तिने लिहून घेतलं.

मी बाहेर आले. चपला काढल्या, किल्ल्या टेबलावर ठेवल्या, पेन ठेवलं, चष्मा ठेवला, कुणी बघत नाही ना ते बघितलं आणि चढले आमच्या जुन्या काट्यावर. श्वास रोखून. सदुसष्ट! अहो, काय बरं वाटलं म्हणून सांगू!

काय म्हणालात? पाटी? आता ती पाटी मी माझ्या हाताने लिहिलीय... मग मला ती परत कशाला वाचायला हवी?